माळ्यावरचा रुमाल

दसरा जवळ आला की आमच्या घरात माळा साफ करण्याचा विषय निघतो, आणि तो निघाला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, जे दहा वर्षांत एकदाही लागले नाही ते घरात हवे कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, आज जे टाकाल तेच नेमके उद्या लागेल. आम्ही वयोमानाने अर्थातच दुसऱ्या पक्षाचे. परंतु शिडीवर चढण्याचे काम आता पुतण्यांकडे गेल्यामुळे आमच्या मताला पूर्वीचे वजन राहिलेले नाही. यंदा पितळी बंब, मोडका पाळणा, तळी फुटलेले जाते आणि तीन पायांचे दोन चौरंग यांचा निकाल लागल्यावर सर्वांत शेवटी लाल खारव्यात बांधलेला एक रुमाल खाली आला. धूळ झटकून तो सोडला, तो आत कागदांची चळत, आणि सगळे कागद मोडीतले.

आमच्या वडिलांना मोडी येत असे. ते तसले कागद वर्तमानपत्रासारखे झरझर वाचीत. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा मोडीची रजा झालेली होती. छापील बालबोध अक्षर सर्वत्र झाले होते आणि मोडीवाचून कोणाचे काही अडत नव्हते. त्या दिवशी ओटीवर आम्ही सारे तो रुमाल भोवती घालून बसलो. घरात लहानमोठे मिळून अकरा पदवीधर. परंतु त्यांपैकी एकालाही त्या कागदांतील एक ओळ वाचता येईना. पुतण्या म्हणाला, "काका, वाचता येत नाही तर ठेवायचे कशाला?" थोरल्या वहिनी म्हणाल्या, "वाचता येत नाही म्हणूनच ठेवायचे." दोघांचेही म्हणणे आम्हांस सारखेच खरे वाटले, आणि अशा वेळी घरातील वडील माणसाने जे करावे तेच आम्ही केले, म्हणजे चहा मागविला.

आमच्या धाकट्या बंधूंची नात चि. मृणाल जीवशास्त्र शिकते. ती सुटीस आलेली होती. ती एक कागद उजेडाकडे धरून म्हणाली, "आजोबा, हळहळू नका. आपल्या प्रत्येक पेशीत असे न वाचता येणारे कागद आहेत. टाकाटाक काही आपल्याच घरात होत नाही. सगळी जीवसृष्टी ती करीत आली आहे, आणि पुष्कळदा त्या टाकण्यातूनच नवे शरीर घडले आहे." हे बोलणे आम्हांस जरा झोंबले. आम्ही तिला म्हटले, "सिद्ध करून दाखीव." त्यावर पुढे आठ-दहा दिवस, दिवेलागणीनंतर, आमची शिकवणी ओटीवर चालली. त्या शिकवणीतून जे आमच्या पदरात पडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. रुमालाचे काय झाले तेही सांगू.

उत्क्रांती म्हणजे भर, अशी आमची समजूत होती. साध्या प्राण्यापाशी थोडे, मोठ्या प्राण्यापाशी अधिक आणि माणसापाशी सर्वांत अधिक. वाण्याचे दुकान वाढावे तसे. या समजुतीस थोडा आधारही आहे. सुसुमु ओहनो या शास्त्रज्ञाने १९७० साली एक प्रसिद्ध ग्रंथ लिहून असे मांडले की, जनुकाची एक जादा नक्कल तयार होते, मूळची नक्कल जुने काम सांभाळते आणि जादा नक्कल नव्या कामास मोकळी होते. नवेपणाचा मोठा झरा हाच. जनुक म्हणजे शरीर घडविण्याच्या पोथीतील एक कृती, असे तूर्त समजावे. एका फलित पेशीपासून बोटे, डोळे, हृदय असलेले बालक होते ते कोणती कृती केव्हा, कोठे आणि किती वेळ वाचली जाते यावर. माणसाच्या पोथीत प्रथिने बनविणाऱ्या अशा सुमारे २०,००० कृती आहेत.

परंतु नुसती भरच होत असती तर एक गोष्ट दिसावयास नको होती. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणारे समुद्रफूल नावाचे एक प्राणी-कुल आहे. दिसावयास फूल, आहे प्राणी. त्याला ना डोके ना पाठ. गर्भाच्या घडणीत हाताचे, मेंदूचे, आतड्याचे ठिकाण ठरविण्यासाठी पेशी एकमेकींस जे निरोप धाडतात त्यांतील 'विंट' या नावाच्या निरोपांच्या आपल्याकडे बारा शाखा आहेत. या समुद्रफुलात त्यांपैकी अकरा शाखा सापडल्या. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. पुढे २००७ साली त्याची सबंध पोथी वाचली गेली तेव्हा असे दिसले की, माशीत आणि गोलकृमीत नसलेली, परंतु माणसात असलेली अनेक जनुके या बिनडोक्याच्या प्राण्यात आहेत. आता माशी आपल्याला समुद्रफुलापेक्षा नात्याने जवळची. मग ही जनुके आपणांत आणि समुद्रफुलात दोन वेगळ्या वेळी, तंतोतंत सारखी उत्पन्न झाली असे मानावयाचे काय? तसे मानणे वेड्यासारखे होईल. सरळ अर्थ असा की, ती सर्वांच्या सामाईक पूर्वजापाशी होती आणि माशीच्या व कृमीच्या घराण्याने ती वाटेत गमावली. म्हणजे मूळपुरुष कफल्लक नव्हता. चांगला सधन होता, आणि त्याच्या वंशजांपैकी कोणी एक दागिना मोडला तर कोणी दुसरा.

येथे आम्ही मृणालला विचारले, "गमावली म्हणजे कशी? न वापरल्यामुळे झिजली काय?" ती म्हणाली, "नाही, आजोबा. येथेच पुष्कळ लोक चुकतात." मग तिने आमच्याच घराचे उदाहरण घेतले, आणि ते आम्हांस पुरते पटले. कोकणातील आमच्या मूळ घरी दर वर्षी पावसापूर्वी शाकारणी होते. कौले उतरावयाची, फुटकी बदलावयाची, वासे पाहावयाचे. सबंध घराची कौले सारखीच फुटतात. माकडे काही माणसांची वस्ती पाहून उडी मारीत नाहीत. परंतु ज्या खोलीत माणसे राहतात तेथे गळू लागले की कोणीतरी वर चढतो. पश्चिमेकडील खोल्यांतील बिऱ्हाड मुंबईस गेले, तेव्हा त्या खोल्या कोणी पाडल्या नाहीत. फक्त तेथील फुटके कौल बदलण्यास कोणी चढेना. दहा पावसाळ्यांत आढे खाली आले.

जनुकांचेही असेच आहे. पिढीगणिक नक्कल करिताना चुका होतातच, आणि त्या कामाच्या व बिनकामाच्या दोन्ही जनुकांत होतात. कामाच्या जनुकात चूक झाली तर तो प्राणी जगत नाही किंवा त्याला संतती कमी होते, आणि ती चूक त्याच्याबरोबर जाते. हीच निसर्गाची शाकारणी. परंतु परिस्थिती अशी बदलली की एखाद्या जनुकावाचून अडेनासे झाले, तर त्यातील चुकीमुळे कोणाचेच नुकसान होत नाही. चूक टिकते, तिच्यावर दुसरी चढते, आणि काही लाख वर्षांनी त्या कृतीचे नुसते जोते शिल्लक राहते. कधीकधी तर पाडण्यातच फायदा असतो. तेव्हा ते काम फार लवकर उरकते.

अशी जोती आपल्या स्वतःच्या अंगात आहेत. बकरी, गाय, कुत्रे हे प्राणी आपल्याला लागणारे क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच साखरेपासून बनवितात. आपण ते बनवू शकत नाही. कारण त्या कामाच्या शेवटच्या पायरीचे जनुक आपल्या आणि माकडांच्या सामाईक पूर्वजांत सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले. त्याचे तुकडे आजही आपल्या पोथीत आहेत. कृतीचे नाव वाचता येते, कृती मात्र करिता येत नाही. ते पूर्वज झाडांवर राहत, फळे आणि पाला खात. जे जीवनसत्त्व रोज पानात पडते ते घरात बनविण्याचा कारखाना मोडला तरी कोणास कळणार? कोट्यवधी वर्षे कोणास कळले नाही. कळले ते माणूस जहाजात बसून महिनेच्या महिने दर्यावर राहू लागला तेव्हा. हिरड्या कुजू लागल्या, जुन्या जखमा उघडू लागल्या, आणि खलाशी शेकड्यांनी मेले. १७४७ साली 'सॅलिसबरी' या इंग्रजी लढाऊ जहाजावर जेम्स लिंड नावाच्या वैद्याने बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस वेगवेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे ज्या जोडीस मिळाली ती झपाट्याने बरी झाली. तरीसुद्धा इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस सरसकट मिळावयास १७९५ साल उजाडावे लागले. आमच्या घरात आवळ्याचा मुरांबा कोणी कधी चुकू दिला नाही. परंतु त्या बरणीमागे एवढा जुना तोटा उभा आहे हे आम्हांस पंचाहत्तरी उलटल्यावर कळले.

आता गर्भाच्या घडणीकडे वळू. हा विषय सांगताना मृणालने थोरल्या वहिनींकडे पाहून आवाज जरा खाली आणला. कारण आमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत अंड्याचे नावही अद्याप शिरलेले नाही. कोंबडीच्या अंड्यातील पिवळा बलक म्हणजे पिलासाठी बांधून दिलेली शिदोरी. ती बनविणारी कोंबडीत तीन जनुके आहेत. स्वित्झर्लंडातील लोझान येथील संशोधकांनी २००८ साली असे दाखविले की, या तिन्ही जनुकांचे अवशेष माणसात सापडतात, परंतु त्यांपैकी एकही काम करीत नाही. ऑस्ट्रेलियात बदकचोच्या नावाचा एक विचित्र प्राणी आहे. तो अंडे घालतो आणि पिलांना दूधही पाजतो. त्याच्यापाशी या तिहींपैकी एक जनुक अजून शाबूत आहे. सगळा क्रम जुळवून पाहता असे निघते की, दुधातील मुख्य प्रथिने बनविणारी जनुके सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांत आधी आली. आणि मग, पिलाच्या पोषणाची दुसरी सोय झाल्यामुळे, बलकाची जनुके एकामागून एक गळत गेली. शेवटचे गेले ते सुमारे ३ ते ७ कोटी वर्षांपूर्वी.

यातील अधिक चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. बलक गेला, परंतु बलकाची पिशवी गेली नाही. आजही मातेच्या उदरात गर्भ काही दिवसांचा होतो न होतो तोच त्याच्यापाशी ती पिशवी तयार होते, आणि ती रिकामी असते. धान्य संपले, परंतु कणगी विणण्याची रीत राहिली. ती कणगीही निरुपयोगी नाही. गर्भाच्या पहिल्या रक्तपेशी तिच्याच भिंतीत तयार होतात. हे ऐकून वहिनी इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दूध आले म्हणून शिदोरी सुटली. सुटली ती बरी सुटली. आईपाशी राहावयाचे तर शिदोरी कशाला?" जीवशास्त्राच्या वर्गातही हा सिद्धांत याहून थोडक्यात कोणी सांगितला असेल असे आम्हांस वाटत नाही.

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत" ही म्हण आपण दैवास बोल लावण्यासाठी वापरतो. निसर्ग मात्र हा हिशेब फार चोख ठेवतो. चणे गेले की दातही नेतो. पक्ष्यांचे पूर्वज दातांचे होते. पुढे चोच आली, आणि दातावरील कठीण कवच घडविणारी जनुके सुमारे साडेअकरा कोटी वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांत निकामी झाली. निळा देवमासा आणि त्याच्या जातीचे इतर देवमासे तोंडातील झालरीने समुद्राचे पाणी गाळून बारीक जीव खातात. त्यांना दातांचे काम नाही. त्यांच्यातही त्या कवचाची जनुके मोडलेली आहेत. तथापि त्यांच्या गर्भात आजही दातांचे कोंब येतात, थोडे वाढतात आणि जन्मापूर्वीच विरून जातात. निसर्ग शेवटचा मजला पाडतो, पाया खणून काढीत नाही. कारण त्याच पायावर दुसरे काही उभे असण्याचा संभव असतो. दाताच्या कोंबास लागणारी पुष्कळशी जनुके शरीराच्या इतर भागांच्या घडणीसही लागतात; ती मोडून कसे चालेल?

सापाची गोष्ट याच कारणासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सापाच्या पूर्वजांना पाय होते. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांच्या नख्या अद्याप दिसतात. पाय घडविण्यास जे एक मुख्य जनुक लागते ते सापाने टाकले असेल असे कोणासही वाटेल. परंतु तेच जनुक मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याही घडणीस लागते. ते टाकले तर साप जन्मासच येणार नाही. सापाच्या घराण्यात बिघडला तो फक्त एक खटका. हे जनुक पायाच्या कोंबात चालू करणारा डी. एन. ए.चा एक लहान तुकडा त्याच्यापासून बराच दूर असतो. अमेरिकेत बर्कले येथील शास्त्रज्ञांनी २०१६ साली उंदरातील तो तुकडा काढून त्या जागी सापाचा तुकडा बसविला. पिले जन्मली ती पायांच्या जागी नुसती खुंटे घेऊन. मग त्यांनी सापाच्या त्या तुकड्यात गळालेली सतरा अक्षरे पुन्हा भरली, आणि उंदराला पुन्हा पाय आले. सबंध घराचा वीजप्रवाह न तोडता एका खोलीचा दिवा मालवावा, तसे हे आहे. शरीराची घडण बदलावयाची तर जनुक गमावण्याइतकेच असे खटके गमावणेही महत्त्वाचे ठरते.

शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मृणालने ज्या प्राण्याची ओळख करून दिली तो आमच्या मनातून अद्याप जात नाही. त्याचे नाव ऑयकोप्ल्युरा. काही मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक, समुद्रात तरंगणारा हा जीव जेमतेम एक आठवडा जगतो. ग्रीक भाषेत 'ऑयकोस' म्हणजे घर. आणि हा प्राणी खरोखरच आपल्या अंगातील स्रावातून स्वतःभोवती एक नाजूक घर विणतो, त्याच्या जाळीतून पाणी गाळून अन्न मिळवितो, आणि जाळी बुजली की ते घर टाकून नवे विणतो. हा उद्योग दिवसातून अनेकदा चालतो. आमच्या पुतण्यास हा प्राणी तत्काळ आवडला.

हा क्षुद्र जीव नात्याने आपल्या बराच जवळचा आहे. पाठीचा कणा नसलेल्या सर्व प्राण्यांत कणा असलेल्यांचे सर्वांत निकटचे भाऊबंद म्हणजे ज्या गटाचा हा प्राणी आहे तो गट. त्या गटातील बहुतेक जाती लहानपणी शेपटी हलवीत पोहतात आणि मोठेपणी खडकास चिकटून, शेपटी गमावून, पिशवीसारख्या बसून राहतात. रशियन शास्त्रज्ञ कोवालेव्हस्की याने १८६६ साली त्यांच्या डिंभात आपल्या कण्याच्या पूर्वरूपाची दोरी दाखविली, तेव्हा विद्वान थक्क झाले होते. ऑयकोप्ल्युरा मात्र जन्मभर शेपटी ठेवतो आणि जन्मभर पोहतो.

त्याची पोथी वाचली तो काय? माणसाची पोथी सुमारे ३०० कोटी अक्षरांची. याची अवघी ७ कोटींच्या आसपास. बहुतेक प्राण्यांत डोके, छाती, कंबर यांचा क्रम ठरविणारी जनुके पोथीत ओळीने, पंगतीस बसल्यासारखी असतात. याच्यात ती पंगत उठून इतस्ततः पांगली आहे, असे २००४ साली दिसून आले. आपल्या गर्भात पुढचे-मागचे ठरविण्यास अ जीवनसत्त्वापासून होणारे एक आम्ल लागते. ते बनविण्याचा आणि त्याचा निरोप ऐकण्याचा सारा सरंजाम याने मोडीत काढला आहे. बार्सिलोना विद्यापीठातील क्रिस्तियान कान्येस्त्रो आणि त्यांचे सहकारी या प्राण्याचा अभ्यास करितात. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी दाखविले की, आपल्यात आणि या प्राण्याच्या खडकाला चिकटलेल्या भावंडांत हृदय घडविण्यास जी जनुके आवश्यक समजली जातात त्यांतील कित्येक याने गमावली आहेत. आणि तरीही त्याला हृदय आहे. ते धडधडते, आणि ते लवकर व साध्या रीतीने घडते. त्याच्या भावंडांत हृदय आणि त्या शेजारचे, पाणी आत-बाहेर घेणाऱ्या नळ्यांचे स्नायू एकाच मूळ पेशीसमूहातून निघतात. याच्यात ते स्नायू गेले, त्यांबरोबर ती जनुके गेली, आणि उरले ते नुसते हृदय. यावरून त्या संशोधकांनी असे अनुमान काढले की, याचे पूर्वज खडकाला चिकटून राहणारेच असावेत, आणि या गमावण्यामुळेच त्याला बैठक सोडून कायमचे पोहणारे जीवन लाभले असावे. गर्भाची घडण म्हणजे दगडी चौकटीसारखी अभंग गोष्ट, असे आम्ही समजत होतो. येथे तर अर्ध्या तुळया काढून घेतल्या तरी घर उभे आहे, आणि शिवाय हलके होऊन पाण्यावर तरंगत आहे.

इतके ऐकल्यावर पुतण्याने विजयी मुद्रेने रुमालाकडे पाहिले. गमावणे हीच प्रगती असेल तर तो कोपऱ्यात ठेवण्याचे कारण काय? परंतु आमचे मन कचरत होते, आणि का कचरत होते ते आम्हांस दोन दिवसांनी उमगले. शिकवणीतील दोन गोष्टी एकत्र ठेवावयाच्या राहिल्या होत्या. पहिली ही की, तोटा होतो त्या दिवशी तो तोटा वाटत नाही. तो वाटतो परिस्थिती पालटल्यावर, जहाज दर्यात गेल्यावर. दुसरी ही की, एकदा पूर्णपणे मोडलेले जनुक जसेच्या तसे परत येत नाही. बेल्जियममधील लुई डोलो यांनी १८९३ साली हा नियम मांडला: उत्क्रांती आली त्या वाटेने माघारी जात नाही. सतरा अक्षरे भरून पाय परत आले ते माणसाच्या हातून. सापाच्या स्वतःच्या हातून ते होणे नव्हते. ऑयकोप्ल्युरा हलका झाला हे खरे. परंतु ज्या निरोपांवाचून त्याचे आज अडत नाही त्यांची उद्या गरज पडली तर ते त्याला कोठून मिळणार? निसर्गाला उद्या ठाऊक नसतो. आपल्याला तो थोडासा ठाऊक असतो, निदान त्याची धास्ती असते. माळा त्या धास्तीचाच असतो.

आम्ही तो रुमाल घेऊन शहरातील एका मोडीच्या जाणकारांकडे गेलो. त्यांनी दोन सकाळी घालवून सारे कागद पाहिले. बहुतेक भाताचे हिशेब, एक कर्जरोखा, मुंजीच्या खर्चाची एक याद. आणि त्यांत शके १८०८ चा एक करार निघाला: आमचे पणजोबा आणि त्यांचे चुलत बंधू यांनी मधल्या अंगणातील विहीर उभयतांची समजावी, आणि पाणी एक दिवसाआड एकेका घराने ओढावे.

वाचकांना यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या विहिरीवरून आमची दोन घरे गेली चाळीस वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. विहीर आमची एकट्याची, असे आम्ही म्हणत आलो. त्यांची एकट्याची, असे ते. एका घरची मंगळागौर दुसऱ्या घरास दिसते, परंतु बोलावणे जात नाही. हा वाद वडील गेल्यावर सुरू झाला, म्हणजे ज्यांना तो कागद वाचता आला असता ते शेवटचे डोळे मिटल्यावर. कागद त्याही वेळी आमच्या डोक्यावर, माळ्यावरच होता. मोडी गेली तेव्हा आमचे काहीच अडले नव्हते. अडले ते नंतर, आणि अडले हे कळावयास चाळीस वर्षे लागली. आता तर दोन्ही घरी नळ आले आहेत. त्या विहिरीचे पाणी कोणीच ओढीत नाही. अबोला तेवढा देवमाशाच्या गर्भातील दातासारखा पिढीगणिक उगवत असतो.

आम्ही त्या कराराची बालबोध नक्कल करवून चुलत घरी धाडली आहे. सोबत चार ओळींचे पत्र. त्यात जे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो ते चूक होते, एवढे स्पष्ट लिहिले. ते लिहिताना हात जड झाला हे कबूल करावयास हवे. उत्तर अद्याप आलेले नाही.

एक गोष्ट मात्र झाली. मृणालने त्या जाणकारांकडे मोडी शिकण्यास सुरुवात केली आहे. परवा ओटीवर बसून ती भाताचा हिशेब अक्षर अक्षर लावीत वाचीत होती. एका ओळीस पाव तास लागला. आम्ही तिला म्हटले, "अगं, तुझ्या त्या डोलोच्या नियमाप्रमाणे गेलेले परत येत नाही ना?" ती मान वर न करिता म्हणाली, "आजोबा, तो नियम रक्तातल्या गोष्टींचा. ही शिकण्यातली आहे. शिकविणारा एक जरी उरला असेल तरी परत येते." मग थोडे थांबून म्हणाली, "पण एक तरी उरायला हवा."

रुमाल पुन्हा खारव्यात बांधून ठेवला आहे. माळ्यावर नव्हे, देवघराशेजारच्या फडताळात. वहिनींनी त्यासाठी स्वतःच्या हाताने जागा केली. त्यासाठी त्यांना त्यांचे दोन जुने पितळी डबे काढून टाकावे लागले, आणि ते त्यांनी तक्रार न करिता टाकले.